सरकारी रानातले बिनभाड्याचे बिऱ्हाड

अमेरिकेत पाठ टेकायला जागा अजूनही फुकट मिळते, असे सांगितले तर आपल्यापैकी पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. पण गोष्ट खरी आहे. तेथील राष्ट्रीय वनांत, म्हणजे केंद्र सरकारच्या वनखात्याच्या ताब्यातील रानांत, बहुतेक ठिकाणी कोणीही जावे, बरीशी सपाटी पाहून राहुटी ठोकावी आणि खुशाल झोपावे. अर्ज नको, पावती नको. अर्थात नळ नाही, संडास नाही, दिवा तर नाहीच. पाणी आपले आपण आणायचे आणि केर आपला आपण परत न्यायचा. ओढ्यापासून सुमारे २०० फूट दूर उतरायचे, परसाकडेसाठी सहा-आठ इंच खड्डा खणायचा व तो बुजवायचा. साधारणपणे १४ दिवस झाले की बिऱ्हाड हलवायचे. या प्रकाराला तिकडे ‘विखुरलेला मुक्काम’ अशा अर्थाचे नाव आहे. ही वने एकंदर १९ कोटी ३० लाख एकर भरतात, म्हणजे अडीच महाराष्ट्र सहज मावतील! राष्ट्रीय उद्याने निराळी. तेथील नियम कडक आहेत.

हे औदार्य आले कोठून? मी शाळेत इतिहास शिकवतो. ‘सरकारने प्रजेला अमुक बहाल केले’ असे पुस्तकात छापलेले दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकते. बहाल करण्याआधी बहुधा काहीतरी काढून घेतलेले असते.

येथेही तसेच झाले. १८९१ साली अमेरिकेच्या अध्यक्षाला सरकारी जमिनीवरील जंगले राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला. बेसुमार लाकूडतोड पाहता ते आवश्यकही होते. पण पश्चिमेकडील खाणवाले, मेंढपाळ आणि लाकूडतोडे खवळले. त्यांच्या दृष्टीने रान हे घराचे परसू होते. शेवटी १८९७ साली तडजोडीचा कायदा झाला. रान राखीव राहील, परंतु योग्य व कायदेशीर कामासाठी नियम पाळून आत जाण्यास कोणालाही मनाई नाही, असे त्यात लिहिले गेले. वस्ती करून राहणाऱ्याला आणि खाणी शोधणाऱ्याला जळणाचे लाकूडही मोफत घेण्याची सोय झाली. सुटीत हवा खायला येणारा शहरी माणूस त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नसावा. पण गाढवावर सामान लादून सोने शोधत हिंडणारा माणूस रात्री झोपणार कोठे? रानातच. माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या फुकट मुक्कामाचे मूळ त्या माणसाच्या घोंगडीत आहे.

१९०५ साली ही राने नव्या वनखात्याकडे आली. त्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो. या गृहस्थाचा आपल्याशी एक आडून संबंध आहे. वनविद्या शिकायला तो १८८९ साली युरोपात गेला, तेव्हा त्याला डीट्रिख ब्रँडिस या वृद्ध जर्मन पंडिताने वाट दाखवली. आणि हा ब्रँडिस म्हणजे १८६४ पासून हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी! गावकऱ्यांचे रानावरील हक्क काही अंशी तरी राखावेत, असे ब्रँडिसचे मत होते. १८७८ च्या आपल्याकडील वन कायद्यात त्याचे फारसे चालले नाही. पुढे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याला धारेवर धरले आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे पडली. एकाच गुरूची विद्या, पण एका देशात रानात शिरण्याचा हक्क कायद्यात शिरला आणि दुसऱ्या देशात त्यासाठी रक्त सांडले.

पुढे मोटार आली आणि अमेरिकेतील रानांचे रूप पालटले. १९०८ साली फोर्डची स्वस्त गाडी निघाली आणि कारकून, शिक्षक, दुकानदार अशी सामान्य माणसे बायकापोरांसह रानाकडे धावू लागली. दहा-पंधरा वर्षांत लोकांच्या आवडत्या जागी झाडे वाळू लागली. कीड दिसेना, आग लागलेली नाही. मग झाडे मरतात का? हे कोडे माइनेके नावाच्या वनस्पती-रोगतज्ज्ञाने उलगडले. मुळांना मातीतून हवा लागते. हजारो पाय आणि मोटारींची चाके माती दाबून दगडासारखी करतात, मग मुळे गुदमरतात. ज्या झाडाच्या सावलीसाठी माणूस आला, त्याच झाडाचा गळा त्याने नकळत दाबलेला असतो. १९३२ साली माइनेकेने उपाय मांडला. एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता करावा, प्रत्येक बिऱ्हाडासाठी त्याला आखूड फाटा काढावा आणि कडेला मोठे दगड रोवावेत, म्हणजे गाडी फाट्यापुढे जाणारच नाही. मंदीच्या काळात १९३३ ते १९४२ या वर्षांत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावले, त्यांनी अशी पुष्कळ तळे उभारली. आज जगभर मोटारीच्या मुक्कामाची जी आखीव जागा दिसते, तिचा हा नमुना.

आखीव जागा आली की टेबल येते, नळ येतो, आणि मागोमाग पावतीपुस्तक येते. १९६४ च्या कायद्याने अशा सोयींवर शुल्क घेण्याचा रस्ता रुंद झाला. १९९६ पासून तर काही ठिकाणी नुसते रानात शिरायलाही पैसे मागण्याचा प्रयोग सुरू झाला. लोक संतापले, त्यांनी निषेध केला. २००४ च्या कायद्याने सांगितले, की जेथे किमान सोयीही नाहीत अशा जागी मुक्कामाचे पैसे घेता येणार नाहीत. तरीही अ‍ॅरिझोनातील माउंट लेमन येथे गाडी उभी करण्याचे शुल्क चालूच राहिले, तेव्हा चार नागरिक कोर्टात गेले. २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सोय वापरलीच नाही तर पैसे कशाचे? मुनसिफाच्या कचेरीत आमच्या खेड्यातला शेतकरीही हाच सवाल करील.

या फुकट जागेवर आता केवळ हौशी माणसेच येतात असे नाही. घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीतच संसार मांडणारेही येतात. २०२५ च्या मे महिन्यात ओरेगॉनमधील बेंड शहराजवळ वनखात्याने आगीचा धोका कमी करण्याच्या कामासाठी रानाचा मोठा भाग बंद केला आणि तेथे दीर्घकाळ राहणाऱ्या लोकांना उठावे लागले. काम निकडीचे होते, पण उठलेली माणसे जाणार कोठे?

आणि या सर्वांच्या आधी ज्यांची ती राने होती, त्यांचे काय? न्यू मेक्सिकोमधील ताओस प्वेब्लोच्या आदिवासींचे ब्लू लेक हे पवित्र तळे. १९०६ साली थिओडोर रूझवेल्टने ते राखीव वनात घातले. मग तेथे वाटा निघाल्या आणि बाहेरचे लोक येऊ लागले. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या तेथे पूजा केली, त्यांनाच तेथे जाण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक ठरला. भरपाईचा विषय निघाला तेव्हा त्यांचे म्हणणे एकच: पैसे नकोत, तळे द्या. ६४ वर्षे ही माणसे अर्ज-विनंत्या करीत राहिली. अखेर १५ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सनने सही केली आणि तळ्यासह ४८ हजार एकर रान त्यांना परत मिळाले. त्या तळ्याकाठी आज प्वेब्लोबाहेरच्या कोणालाही राहुटी ठोकता येत नाही.