जुनी देऊन नवी

घरातली जुनी वस्तू मोडीत घालून नवी घेण्याचा व्यवहार आपल्या लोकांना परका नाही. पोचे पडलेले पितळेचे पातेले तांबटाच्या काट्यावर चढे, त्याच्या वजनाची मोड वजा होऊन नव्या भांड्याची किंमत ठरे, आणि देणारा व घेणारा दोघेही हे जाणून असत की भांडे जुने झाले तरी त्यातला धातू जुना झालेला नाही. मोटारीच्या बाबतीत हाच व्यवहार रूढ झाला तेव्हा त्याचे स्वरूप मात्र निराळे होते. कारण येथे वस्तू झिजली म्हणून जुनी ठरत नव्हती, तिच्याहून देखणी वस्तू शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली म्हणून जुनी ठरत होती. चारपाच माणसांना निमूटपणे वाहून नेणारी धडधाकट मोटार काढून तिच्या जागी दोघांपुरती, ठेंगणी, वेगवान स्पोर्ट्स कार आणण्याची जी हौस विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत बळावली, तिच्या इतिहासात माझे मन फार दिवस गुंतलेले आहे. आणि तो इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली, ती ही की ज्या जुन्या मोटारीला निरोप दिला जात होता, तीच पुष्कळदा नवीच्या पोटात बसून परत घरी येत होती.

जुनी देऊन नवी घेण्याच्या या रिवाजाला बळ आले ते अमेरिकेत. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली बाजारात आणलेली ‘मॉडेल टी’ ही मोटार एकोणीस वर्षे जवळजवळ एकाच रूपात निघत राहिली. तिचे दीड कोटी नग तयार झाले, किंमत उतरत उतरत १९२५ साली २६० डॉलरांवर आली, आणि १९१४ पासून तोपर्यंत ती काळ्यावाचून दुसऱ्या रंगात मिळतही नसे. चांगली वस्तू एकदा घडवली की तीत कारणावाचून फेरफार करू नये, अशी फोर्ड यांची श्रद्धा होती. परंतु ज्याला मोटार हवी त्या प्रत्येकाच्या दारात ती पोचल्यानंतर कारखान्यांनी करायचे काय, हा प्रश्न जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी हेरला. हप्तेबंदीने मोटार देण्यासाठी त्यांच्या कंपनीने १९१९ सालीच स्वतंत्र पेढी काढली होती. १९२३ साली स्लोन अध्यक्ष झाल्यावर तिच्या जोडीला आणखी एक तजवीज आली, ती अशी की गिऱ्हाइकाची जुनी मोटार मोबदल्यात घ्यावी, उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्यावेत, आणि वर्षावर्षाला मोटारीच्या रूपात इतका पालट करावा की गतसालची मोटार पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शिळी वाटावी. पूर्वी मोटारीवरचा रंग वाळण्यास आठवडे लागत. लवकर वाळणारी नवी रोगणे निघाल्यावर हवे ते रंग देणे सुलभ झाले. १९२७ साली हार्ली अर्ल या कल्पक गृहस्थाच्या हाती मोटारींच्या रूपाचे स्वतंत्र खाते सोपवण्यात आले, आणि त्याच वर्षी मॉडेल टीचे उत्पादन बंद पडले. पुढच्याच साली, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी करण्याचा कारखाना उघडला.

स्लोन यांच्या या पद्धतीला नुसती लबाडी म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. तिच्यामुळे जुन्या मोटारी कमी ऐपतीच्या माणसांच्या आवाक्यात आल्या, आणि नव्या मोटारी खरोखरच अधिक सुरक्षित व अधिक सुखकर होत गेल्या. परंतु तिने वस्तूचे वय मोजण्याचे माप वस्तूच्या बाहेर नेऊन ठेवले, आणि हा बदल साधा नव्हता.

स्पोर्ट्स कार मात्र या हिशेबातून जन्मलेली नाही. तिची सर्वसामान्य माणसाला परवडेल अशी आवृत्ती इंग्लंडात, ऑक्सफर्डच्या एका दुरुस्तीच्या पेढीत घडली. विल्यम मॉरिस यांच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीची व्यवस्था १९२२ साली सेसिल किंबर यांच्याकडे आली. मॉरिस यांच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मोटार भक्कम, स्वस्त आणि वकिला-डॉक्टरांच्या कुटुंबांना शोभेल अशी होती. किंबर यांनी तिचाच सांगाडा घ्यावा, कमानी ठेंगण्या कराव्यात, इंजिनाला थोडी मेहनत द्यावी आणि वर हलके, डौलदार अंग चढवावे, असा उद्योग आरंभला. पेढीच्या नावातील दोन आद्याक्षरांवरून या मोटारींना ‘एमजी’ हे नाव पडले. १९२८ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी मांडलेली ‘मिजेट’ ही चिमुकली मोटार म्हणजे वस्तुतः ८४७ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची मॉरिस मायनर. फक्त तिच्यावर लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेले, होडीच्या टोकासारखे निमुळते होत गेलेले अंग होते. किंमत १७५ पौंड. तोवर वेगाची मोटार हा धनिकांचा आणि जमीनदारांच्या मुलांचा मक्ता होता. मिजेटमुळे पगारदार तरुणालाही आपली दमलेली मोटारसायकल किंवा वडिलांकडून आलेली खटारा मोटार देऊन तिच्या जागी असे काही घेण्याचा विचार मनात आणता येऊ लागला. किंबर यांना मोठ्या शोधाचे श्रेय देता येत नाही, पण सामान्य वस्तूत दडलेली उमेद ओळखण्याची जी दृष्टी त्यांच्यापाशी होती ती शोधाहून कमी योग्यतेची नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. १९४१ साली त्यांना कंपनी सोडावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस अॅबिंग्डनच्या कारखान्यातून ‘टीसी’ ही एमजी बाहेर पडू लागली. युद्धकाळात इंग्लंडात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांना असल्या उघड्या टपाच्या, उंच चाकांच्या, हाडे खिळखिळी करणाऱ्या मोटारींचा लळा लागला होता. टीसीचे दहा हजार नग निघाले आणि त्यांपैकी सुमारे दोन हजार अमेरिकेत गेले. चालकाचे चाक उजव्या बाजूला, म्हणजे त्या देशातील रहदारीच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला, तरीही माणसे ती घेत. दरसाल लांब आणि रुंद होत जाणाऱ्या, प्रवाशाला रस्त्याचा स्पर्शही न होऊ देणाऱ्या मोटारींच्या देशात या संख्येला फारसा अर्थ नव्हता. परंतु हार्ली अर्ल यांच्यासारख्या चतुर माणसाच्या नजरेतून तिचा इशारा निसटला नाही.

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने ‘कॉर्व्हेट’ लोकांपुढे ठेवली. काचतंतूंचे पांढरेशुभ्र अंग, आत लाल बैठक, पाहणाऱ्याचे पाऊल अडावे असे रूप. पण बॉनेटखाली शेव्हरोलेच्या घरगुती मोटारीचेच सहा नळकांड्यांचे इंजिन, आणि त्याला जोडलेली दोन वेगांची आपोआप बदलणारी गिअरपेटी. पहिल्या वर्षी तीनशेच मोटारी निघाल्या. पुढे ११ वर्षांनी, १७ एप्रिल १९६४ रोजी, फोर्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ सादर केली तेव्हा हीच युक्ती विलक्षण हिशेबीपणाने वापरण्यात आली. अंग नवे, बॉनेट लांबलचक, पाठ आखूड. खालचा पुष्कळसा भाग ‘फाल्कन’ या काटकसरी कुटुंबमोटारीचा. आणि किंमत २३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर मागण्या आल्या, आणि वर्षभरात चार लाखांवर मोटारी खपल्या. कित्येक घरांतून जी वापरलेली मोटार मोबदल्यात दिली गेली आणि तिच्या जागी जी आली, त्या दोहोंच्या पोटात फारसे अंतर नव्हते. तरीही ज्यांनी ती घेतली त्यांची फसगत झाली असे मी म्हणणार नाही. माणूस कधी कधी प्रवासापेक्षा प्रवासाच्या कल्पनेसाठी पैसे मोजतो, आणि ती कल्पना मस्टँगने प्रामाणिकपणे पुरवली.

पण जुन्यातून नवे काढण्याची ही विद्या खऱ्या अर्थाने कलेच्या पदवीला पोचली ती इटलीत, तूरिनमध्ये. आणि तेथल्या हकिकतीशी आपल्या मुंबईचा धागा जुळलेला असल्यामुळे ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

१९३७ साली फियाट कंपनीने दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली ‘बालिला’ मोटारीची नवी आवृत्ती काढली. चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची दौड ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. शक्ती ३२ अश्व. मध्यमवर्गीय कुटुंबाला रविवारी सासुरवाडीला नेऊन आणण्यासाठी घडवलेले हे यंत्र होते. परंतु त्याची घडण इतकी सरळ व सोशिक होती की त्यावर अधिक भार घालण्याचा मोह तूरिन-मोदेनाच्या कारागिरांना आवरला नाही. एन्झो फेरारी १९३९ साली आल्फा रोमेओतून बाहेर पडले तेव्हा काही वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीच्या मोटारी करू नयेत असे बंधन त्यांच्यावर होते. म्हणून त्यांनी निनावीपणे जी पहिली मोटार बांधली, ती १९४० च्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत उतरलेली ‘८१५’, तिच्यात याच फियाटचे पुष्कळ भाग होते. दोन मोटारी शर्यतीत उतरल्या, एकीवर तरुण आल्बेर्तो आस्कारी होता. दोन्ही मध्येच बंद पडल्या.

युद्ध संपल्यावर पिएरो दुझिओ नावाच्या तूरिनच्या उद्योगपतीने ‘चिझितालिया’ ही कंपनी उभी केली. देश उद्ध्वस्त, पोलाद दुर्मीळ, नवे इंजिन घडवण्यास ना पैसा ना अवधी. म्हणून पुन्हा तेच फियाटचे अकराशेचे इंजिन घेण्यात आले, आणि शर्यतीच्या एका आसनाच्या मोटारीचा आराखडाही जाकोसांकडूनच करवून घेतला गेला. १९४६ साली तूरिनच्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी असल्याच एका मोटारीत बसले असता स्टीअरिंगचे चाक दांड्यापासून सुटून हातात आले, आणि त्या पुरुषाने ते प्रेक्षकांना उंचावून दाखवीत मोटार तशीच हाकली, ही गोष्ट इटलीत अजून अभिमानाने सांगितली जाते. पुढच्या साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, खालावलेल्या प्रकृतीने ते ‘मिल्ले मिल्या’त उतरले, हाताशी याच घराण्याची अकराशेची उघडी मोटार, आणि समोर तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या मोटारी. बराच काळ आघाडी त्यांची होती. पावसाने घात केला आणि दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९४७ सालीच पिनिन फारिना यांनी चिझितालियाच्या ‘२०२’ या मोटारीला जे अंग दिले, त्यात बॉनेट, मडगार्ड आणि पाठ हे निरनिराळे अवयव राहिलेच नाहीत. एकाच श्वासात काढलेल्या रेघेसारखा सारा पत्रा वळत गेला. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यांत ही होती, आणि पुढे संग्रहालयाने एक ‘२०२’ कायमची आपल्या संग्रहात घेतली. दुझिओंची कंपनी तोवर कर्जात बुडाली होती. ग्राँ प्रीच्या मोटारीचे अवाढव्य स्वप्न तिला पेलले नाही, आणि ते स्वतः अर्जेंटिनाला निघून गेले.

आणि मुंबई? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन मोटारींची जुळणी झाली आणि मग फियाटशी करार होऊन इटालियन मोटारी निघू लागल्या. १९५३ च्या वसंतात जिनीव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ‘११००’ दाखवली, आणि त्याच एप्रिलमध्ये वालचंद निवर्तले. येथेच तयार होणाऱ्या मोटारींना सरकारने आश्रय दिल्यामुळे १९५४ साली जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणीचा कारखाना बंद झाला. कुर्ल्याहून मात्र ती गोलगरगरीत पाठीची, पुढची दारे उलटी उघडणारी, लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली मोटार बाहेर पडू लागली. पुढे तिची रूपे बदलली, १९७४ मध्ये ती ‘पद्मिनी’ झाली, काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून शहरभर फिरली. पण पेट्रोलच्या मोटारीचे मूळ इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचेच राहिले. परवान्यांच्या त्या काळात नव्या मोटारीसाठी दरखास्त करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जुनी देऊन नवी घेण्याचा स्लोन यांचा मार्ग येथे चालणेच शक्य नव्हते. मोटार जुनी होत असे ती खरोखर झिजून, आणि झिजली की तिला पुन्हा उभी करणे हाच मार्ग असे.

आमच्या घरची फियाट वडिलांनी बावीस वर्षे वापरली. गिरगावातल्या एका बोळात मिस्त्री तिचे इंजिन उघडीत तेव्हा मी शाळेतून परस्पर तेथे जाऊन बसत असे. व्हॉल्व्ह घासले जात, दट्ट्यांची कडी बदलली जात, आणि संध्याकाळी बॉनेटवर हात टेकून मिस्त्री वडिलांना म्हणत, ‘साहेब, हिला अजून कोणी पळवलीच नाही.’ मला तेव्हा ते कौतुक नुसते आर्जवाचे वाटे. ती विकली त्या दिवशी दलालाने लोखंडाचा भाव लावला आणि कागद मागितले. नोंदणीपुस्तकात इंजिनाच्या मापाच्या रकान्यात आर.टी.ओ.च्या कारकुनाने निळ्या शाईत १०८९ हा आकडा लिहिलेला होता. वडिलांनी त्यावरून एकदा बोट फिरवले आणि पुस्तक त्याच्या हाती दिले.