वाळवंटातील ऊन आणि त्याची मालकी

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या इतिहासात न्यायमूर्तींची आणि नामांकित वकिलांची नावे पुष्कळ सापडतात. डेप्युटी रजिस्ट्रारची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. तरीही विल्यम ॲडम्स नावाच्या एका डेप्युटी रजिस्ट्रारचे स्मरण आज आम्हांस करावेसे वाटते, आणि त्याचा कोर्टकज्जांशी काही संबंध नाही. १८७८ मध्ये या गृहस्थाने मुंबईत एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे त्यातील प्रतिपादन. नुसते पुस्तक लिहून तो थांबला नाही. कुलाब्यातील आपल्या राहत्या जागी त्याने लहान लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्या सर्वांचा कवडसा एका बॉयलरवर धरला आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन निव्वळ उन्हावर चालवून दाखविले. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा तेव्हा बऱ्याच अंशी समुद्रापलीकडून येत असे. दारात पडणारे ऊन फुकट घालवून परदेशचा कोळसा विकत घ्यायचा, ही विसंगती या कोर्टातील अधिकाऱ्याच्या लक्षात आली होती.

त्याच सुमारास ऑगस्तँ मूशो हा गणिताचा फ्रेंच अध्यापक याच खटपटीत होता. सरकारने त्याला अल्जीरियात पाठविले, कारण फ्रान्सच्या त्या वसाहतीत ऊन अमाप आणि कोळसा दुर्मिळ होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून लोकांस चकित केले. पण पुढे कोळसा स्वस्त झाला, त्याची वाहतूक सुलभ झाली आणि सरकारी आश्रय आटला. यंत्र चालत होते. ते परवडत नाही, असा हिशेबनिसांनी निकाल दिला.

या प्रयत्नांतील सर्वांत मोठा प्रयत्न ईजिप्तमध्ये झाला. फ्रँक शुमन हा फिलाडेल्फियाचा अमेरिकन संशोधक. तारेची जाळी घातलेल्या सुरक्षित काचेच्या शोधामुळे त्याचे नाव झाले होते. लंडनमध्ये भांडवल उभारून त्याने कैरोच्या दक्षिणेस, नाईलच्या काठी, मादी या गावी आपले यंत्र मांडले. पन्हळीच्या आकाराचे आरशांचे पाच पट्टे, प्रत्येकाची लांबी सुमारे २०४ फूट. ते सूर्याबरोबर हळूहळू कलत आणि मधोमध बसविलेल्या नळीतील पाण्याची वाफ करीत. १९१३ च्या उन्हाळ्यात ते सुरू झाले तेव्हा पन्नासाहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन त्यावर चालत होते आणि मिनिटाला सुमारे ६,००० गॅलन पाणी शेतात पडत होते. लॉर्ड किचनर तेव्हा ईजिप्तमधील ब्रिटिश सत्तेचा प्रमुख होता. त्याने सुदानमध्ये ३०,००० एकरांचा कापसाचा मळा या कामासाठी देऊ केला. जर्मनीच्या संसदेनेही यासाठी पैसा मंजूर केला. शुमनने तर असे गणित मांडले की, सहारातील २०,२५० चौरस मैल जागा आरशांनी व्यापली, तर १९०९ साली जगाने जेवढे इंधन खणून काढले तेवढी शक्ती अखंड मिळत राहील.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हा सारा डाव मोडला. तंत्रज्ञ मायदेशी परतले, यंत्र मोडीत निघाले आणि १९१८ मध्ये शुमन वारला. इकडे ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर जात होते, आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने इराणात तेल काढणाऱ्या कंपनीचे भाग विकत घेतले. आम्हां वकिलांच्या भाषेत सांगावयाचे, तर सूर्याचा दावा गुणावगुणांवर फेटाळला गेला नाही. तो सुनावणीवाचूनच निकालात निघाला.

ही कथा सांगताना शुमनची दूरदृष्टी वाखाणण्याची प्रथा आहे, आणि तो मान त्यास योग्यच आहे. आम्हांस मात्र एक प्रश्न सतावतो. ऊन ईजिप्तचे, पाणी नाईलचे, जमीन सुदानची. कापूस कोणासाठी पिकणार होता? लँकेशायरच्या गिरण्यांसाठी. किचनरने जो मळा देऊ केला, तो कसणाऱ्यांस कोणी विचारल्याचे दिसत नाही.

शंभर वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. २००९ मध्ये जर्मन कंपन्यांच्या पुढाकाराने ‘डेझर्टेक’ ही योजना पुढे आली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वीज निर्माण करून २०५० पर्यंत युरोपची सुमारे १५ टक्के गरज भागवावी, असा तिचा संकल्प. पाचच वर्षांत भागीदार पांगले. मोरोक्कोने मात्र आपल्या वारझाझात गावाजवळ नूर हा प्रकल्प उभारला. त्याचा १६० मेगावॉटचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. तेथेही शुमनच्याच पन्हळी आहेत. भर पडली ती वितळलेल्या मिठाच्या साठ्याची. दिवसाची उष्णता त्यात साठते आणि सूर्यास्तानंतरही काही तास वीज मिळते. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेला सिलिकॉनचा सौरघटही आता इतका स्वस्त झाला आहे की, मूशोला हरविणारा हिशेब उलटला आहे.

आमच्या देशानेही २०७० पर्यंत निव्वळ शून्य कार्बनचे वचन २०२१ मध्ये ग्लासगो येथे दिले आहे. राजस्थानातील भडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु थरचे वाळवंट रिकामे नाही. तेथे ‘ओरण’ म्हणून देवाच्या नावे राखलेली कुरणे आहेत. कोकणात आणि गोव्यात जशी देवराई, तशीच ती. गावाची गुरे तेथे चरतात, झाडावर कुऱ्हाड घालण्यास मनाई असते. पण महसुली दप्तरात अशा पुष्कळ जमिनींची नोंद ‘पडीक’ अशी आहे, आणि पडीक म्हटले की ती कोणासही देता येते. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्या परिचयाचा झालेला माळढोकही आता मुख्यतः थरच्याच आश्रयाने उरला आहे, आणि विजेच्या तारांवर आदळून तो मरतो.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश २०२१ मध्ये झाला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. त्याच निर्णयात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने मानले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एका निर्णयाने राजस्थानातील ओरणांची मोजणी करून त्यांस वनाचा दर्जा देण्याचा आदेश झाला.

पक्षी आणि सूर्य हे वस्तुतः प्रतिपक्षी नव्हेत. दोघांचाही शत्रू तोच धूर आहे. म्हणून आमचे मागणे साधे आहे. आरसे मांडण्यापूर्वी सातबारा नीट वाचला जावा आणि त्यात ज्यांचे नाव लिहावयाचे राहून गेले आहे, त्या गुराख्यांचे म्हणणे ऐकले जावे. ऊन कोणाच्याही मालकीचे नाही, हे खरे. पण ते ज्या जमिनीवर पडते तिला माणसे आहेत. मादीच्या कागदपत्रांत जे कलम राहून गेले, ते थरच्या करारात तरी पहिल्या पानावर असावे.