दुसरं स्तोत्र आणि सतरा सप्टेंबर

आमच्याकडे परभणीत १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं. पुण्या-मुंबईच्या मित्रांना दरवर्षी समजावून सांगावं लागतं: बाबांनो, आमचं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं. १९४७च्या जूनमध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद कुणाच्याच अधीन राहणार नाही. परभणी त्याच संस्थानात होती. पुढचं रझाकारांचं वर्ष मला आजोबांच्या तोंडून माहीत आहे. ज्वारीच्या उभ्या पिकात काढलेल्या रात्री, गावावरून धुरळा उठला की धडधडणारी छाती.

यंदा त्याच आठवड्यात मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं दुसरं स्तोत्र वाचत होतो. आम्ही ख्रिस्ती नाही. जुन्या काळातल्या राजसत्तेवर एक टिपण लिहायचं होतं, म्हणून मोबाइलवर उघडलं. जेमतेम बारा वचनं. पृथ्वीवरचे राजे एकत्र येऊन देवाची आणि त्याने अभिषेक केलेल्या राजाची बंधनं तोडायचा बेत करतात. स्वर्गात बसलेला देव हसतो. सियोन डोंगरावर मी माझा राजा बसवलाय, म्हणतो. त्या राजाला तो आपला पुत्र मानतो, आणि लोखंडी दंडाने मडकी फोडावीत तशी राष्ट्रं फोडायचा अधिकार देतो. शेवटी राजांना ताकीद: शहाणे व्हा.

पहिल्या वाचनात वैतागलो. हे तर फर्मानच! निजामाविरुद्ध उठलेल्या घरातल्या पोराने, राजाविरुद्धचं बंड म्हणजे देवाविरुद्धचं बंड, हे कसं मान्य करायचं? युरोपातल्या राजांनीही स्वतःला देवाचे अभिषिक्त म्हणवून घेतच प्रजेला गप्प बसवलं होतं.

मग इतिहासात शिरलो आणि चित्र हललं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे जेरुसलेमच्या राजाच्या राज्याभिषेकाचं गीत असावं. पण तो राजा होता केवढा? यहूदा हे डोंगराळ, चिमुकलं राज्य. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला अश्शूर आणि नंतर बाबेल. जग फोडून काढायची भाषा करणारा हा राजा बहुतेक वेळा कुणाला तरी खंडणी भरत असे. त्यात मडक्याची गंमत बघा. मिसरमध्ये शत्रूंची नावं मडक्यांवर लिहून ती फोडायचा विधी होता. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या तसल्या खापऱ्या सापडल्या आहेत, आणि त्यांवरच्या नावांमध्ये जेरुसलेमही आहे. म्हणजे हे गाणं ज्या गावचं, तेच कधीकाळी दुसऱ्याच्या मडक्यावर होतं.

इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबेलच्या फौजेने जेरुसलेम जाळलं. राजा गेला, सिंहासन गेलं. स्तोत्र मात्र लोकांनी टाकून दिलं नाही. गादीवर कुणीच नसताना राज्याभिषेकाचं गाणं जपत राहायचं, याला काय म्हणावं? पुढे पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी, अधिकाऱ्यांनी धमकावल्यावर, हेच स्तोत्र प्रार्थनेत घेतलं. त्यातले बंडखोर राजे म्हणजे हेरोद आणि पिलात, असं ते म्हणाले. तेव्हा मला उलगडलं, की या स्तोत्रात बंड करणारी प्रजा नाहीच. बंड सत्ताधीशांचं आहे. आपल्यावर कुणी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांचं. जून १९४७चं फर्मान मी पुन्हा आठवून पाहिलं.

आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचा देव या देवासारखा हसत नाही. पंढरीचा राजा म्हणायचं, आणि तो दासीच्या जात्याला हात लावून दळू लागतो. रागावली तर ती त्याला शिव्याही घालते आणि तो ऐकून घेतो. मला खरं तर हाच राजा जवळचा.

पण लोखंडी दंड डोक्यातून जाईना. मूळ हिब्रूत लिहीत फक्त व्यंजनं. त्या एका शब्दाचे स्वर एका तऱ्हेने भरले तर ‘तू त्यांना फोडशील’, दुसऱ्या तऱ्हेने भरले तर ‘तू त्यांना राखशील’, मेंढपाळ मेंढरं राखतो तसं. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी दुसरा अर्थ घेतला. आपल्याकडे एखादी वेलांटी बदलावी, एवढाच फरक.

सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय फौजा आल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला. आजोबांची गोष्ट एरवी इथे संपायची, पेढ्यांवर. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने फिरून अहवाल दिला. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं दडलेला राहिला.

आजोबा हे एकदाच बोलले, मी दहावीत असताना. गल्लीच्या टोकाला एक विणकराचं घर होतं, रझाकारांशी काही संबंध नसलेलं. एका सकाळी दार उघडं होतं. आत माणूस नव्हतं, आणि अंगणात पाण्याचा रांजण फुटून पडला होता. मी विचारलं, कुणी फोडला? आजोबांनी पानाचा डबा जवळ ओढला आणि बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.