सायलेन्सर आधी की गोळी?

मानोऱ्याच्या वर्गात सायलेन्सर म्हटले, की मुले मोटारसायकलकडे बोट दाखवतात. त्यांचे फारसे चुकत नाही. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि तेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांनाही लावले. कानठळ्या बसवणाऱ्या मॅक्सिम मशीनगनचा जनक हा त्याचा बाप, ही गंमत आम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही!

नळीतून सुटणारा तप्त वायू टप्प्याटप्प्याने पसरू दिला, की स्फोटाचा आवाज दबतो. पण गोळीच ध्वनीहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, वेगाने धावत असेल तर हवेत उमटणारा तिचा कडाका कोणताही सायलेन्सर थोपवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात डी लाइल या ब्रिटिश अभियंत्याने कमांडोंच्या कार्बाइनसाठी पिस्तुलाचे ०.४५ इंची काडतूस घेतले. गोळी जड, वेग सेकंदाला सुमारे २६० मीटर. जोडीला लांब, जाडजूड सायलेन्सर.

२०२१ साली पुण्याच्या 'एआरडीई' संस्थेच्या सहभागाने झालेले 'अस्मी' हे शस्त्र ९ मिलिमीटरचे. या मापाची नेहमीची गोळी ध्वनीला मागे टाकते. तिथे सायलेन्सर निवडण्याआधी जड, मंद गोळी शोधावी लागेल.