जोडे शिवणाऱ्याचा मुलगा आणि यंत्राचा तर्क

तर्कशास्त्र ही पंडितांची मिरास आणि घाम गाळणे हा कामगाराचा वाटा, अशी एक जुनी समजूत आहे. आम्हांला कॉलेजची पायरी चढता आली नाही. जे थोडे शिकलो ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतील दिव्याखाली. म्हणूनच ज्याने ही समजूत खोटी पाडली, त्या माणसाची हकीकत सांगावीशी वाटते.

जॉर्ज बूल हा २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडातील लिंकन गावी जन्मला. बाप जोडे शिवणारा. पण त्याचा जीव धंद्यापेक्षा दुर्बिणी करण्यात अधिक. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी मुलाला मास्तरकी पत्करून घर चालवावे लागले. विद्यार्थी म्हणून विद्यापीठात तो कधी गेला नाही. तरी १८४९ साली आयर्लंडातील कॉर्क येथे तो गणिताचा प्राध्यापक झाला. लिंकनमध्ये दुकाने लवकर बंद व्हावीत, नोकरांना संध्याकाळ मोकळी मिळावी, अशी चळवळ होती. १८४७ साली त्या मंडळीपुढे बूलने फुरसतीच्या सदुपयोगावर व्याख्यान दिले. त्याच वर्षी तर्काच्या गणितावरील त्याचे पहिले पुस्तक निघाले आणि १८५४ साली 'लॉज ऑफ थॉट' हा मोठा ग्रंथ.

या गणिताचे सार थोडक्यात असे. विधान खरे असेल तर १ मांडा, खोटे असेल तर ०. 'आणि' म्हणजे गुणाकार. दोन्ही १ असतील तरच उत्तर १. 'किंवा' म्हणजे बेरीज. मात्र जेव्हन्स प्रभृतींच्या दुरुस्तीनंतर येथे एक अधिक एक बरोबर एकच!

बूल १८६४ साली वारला. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेचे खटके हेच गणित करतात. दोन खटके एकापुढे एक जोडले की 'आणि', समांतर जोडले की 'किंवा'. आज रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर आले. संगणकाच्या पोटातील नियम तोच आहे.

आता आमच्या अनुभवातील एक गोष्ट. एका कारखान्यात पॉवर प्रेसला दोन बटने होती. उजवा हात 'आणि' डावा हात, दोन्ही बटनांवर असतील तरच प्रेस खाली यावा, म्हणजे बोटे साच्याबाहेर राहतात. उत्पादन वाढावे म्हणून एक बटन पट्टीने कायमचे दाबून ठेवले गेले आणि आमच्या एका सोबत्याची दोन बोटे गेली. चौकशीत सांगण्यात आले, "दोन बटने बसवलेली होती." ते खरेच होते. आम्ही पाटीवर लिहिले : १ × क्ष = क्ष. एक बटन कायमचे १ झाले की दोन बटनांचे यंत्र एका बटनाचे होते. आमची मागणी एवढीच होती, की प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटने सुटल्याखेरीज पुढचा ठोका पडू नये. वायरिंग तसे बदलले गेले.

त्या सोबत्याची बोटे काही परत आली नाहीत. पण पाटीवरच्या त्या एका ओळीला साहेबाजवळ उत्तर नव्हते. मिळालेली संध्याकाळ कशी घालवावी, हे बूलने लिंकनच्या नोकरांना सांगितले होते. आमच्या काही संध्याकाळी त्याच्या गणितात गेल्या, त्या वाया गेल्या असे आम्हांला वाटत नाही.