छतावरील सौरवीज आणि विद्युत मोटार

घराच्या किंवा सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवून त्या विजेवर मोटार चालवण्याची पद्धत. पॅनलमधून डीसी वीज निघते. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि मोटारीतला चार्जर पुन्हा डीसी करून ती बॅटरीत भरतो. या उलटसुलट बदलांत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

महाराष्ट्रात १ किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात, आणि मध्यम आकाराची मोटार १ युनिटवर ६ ते ७ किमी धावते. रोज ३५ किमी ये-जा करणाऱ्याला त्यामुळे दीड किलोवॉट, म्हणजे गच्चीची साधारण १५० चौरस फूट बिनसावलीची जागा पुरते. ‘बिनसावलीची’ हा शब्द महत्त्वाचा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी चारला एका पॅनलच्या कोपऱ्यावर आली, तरी त्याच्याशी जोडलेल्या साऱ्या रांगेचे उत्पादन घसरू शकते.

खरी अडचण वेळेची आहे. ऊन भर दुपारी असते, तेव्हा मोटार कचेरीच्या आवारात उभी असते. ही गाठ नेट मीटर सोडवतो : दिवसा जादा झालेली वीज महावितरणसारख्या कंपनीच्या जाळ्यात जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढली जातात. हिशेब ३१ मार्चला मिटतो. हे आपल्या ऋतुमानाला सोयीचे आहे, कारण एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यातल्या ढगाळ महिन्यांत कामी येते. मात्र वीज गेली की बॅटरी नसलेला इन्व्हर्टरही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. त्यामुळे लख्ख उन्हातही मोटार चार्ज होत नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सोसायट्यांना सामायिक वापरासाठी, त्यात मोटार चार्जिंगही आले, किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःची गच्ची नसते, म्हणून शहरांसाठी ही दुसरी तरतूद अधिक मोलाची.

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात नेट मीटरच्याही पुढचा प्रयोग झाला आहे. तिथे दुपारी सौरवीज साठवलेल्या मोटारी संध्याकाळी ती जाळ्याला परत देतात.