संगणकातील लिपीचा गृहप्रवेश

वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देणे आणि ती त्याच्या घरात बसवून देणे, या दोन भिन्न गोष्टी होत. संगणकाच्या आज्ञावलीसही हाच न्याय लागू पडतो. ती नुसती उतरवून घेताच चालावी, की तिची मांडणी करून देणारा ‘इन्स्टॉलर’ तिच्यासोबत असावा, हा वाद वरकरणी केवळ तांत्रिक भासतो. परंतु बंगळुरूमधील लिपीचा इतिहास पाहिला, म्हणजे त्यात सामान्य माणसाचे हित किती गुंतले आहे, हे ध्यानात येते.

शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसाला परिचित असलेल्या या शहरात 1983 साली पुण्याहून इन्फोसिस आली. 1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले. जगाला आज्ञावली पुरवू लागलेल्या या नगरीत स्वतःची लिपी संगणकावर उमटविणे मात्र सुलभ नव्हते. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण 1991 साली ठरले होते, तरी प्रत्यक्षात ज्याचा त्याचा टंक वेगळा. त्यामुळे एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे.

1998 साली ‘बरह’ ही आज्ञावली आली; पुढे कन्नड गणक परिषदेची ‘नुडी’ आली. कळफलकाची आज्ञावली यंत्रात नुसती आणून ठेवल्याने काम भागत नाही. टंक योग्य जागी ठेवावे लागतात, कळफलक जोडावा लागतो. नवख्याकडून हे सारे बिनचूक होणे कठीण. इन्स्टॉलर ते त्याच्या वतीने करतो.

विंडोज 2000 मध्ये देवनागरी आली आणि 2001 च्या एक्सपीमध्ये कन्नड. तथापि एक्सपीत भारतीय लिपींची सोय सहसा निराळी बसवावी लागे. नियंत्रणकक्षात जाऊन खूण करावी, प्रसंगी मूळ तबकडी घालावी, आणि यंत्र पुन्हा सुरू करावे! शिवाय त्यासाठी व्यवस्थापकाचे अधिकार लागत. कचेरीतील कारकून किंवा सायबर कॅफेत बसलेला विद्यार्थी यांच्यापाशी ते कोठून असणार? मातृभाषेत अर्ज लिहिण्यासाठीही दुसऱ्याची परवानगी घेणे त्यांच्या नशिबी आले.

म्हणूनच इन्स्टॉलरविरोधकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. पेनड्राइव्हवरून थेट चालणारी आज्ञावली परवानगी मागत नाही, यंत्रात पसारा करीत नाही, आणि पुसून टाकली की निघून जाते. केवळ एका व्यक्तीच्या कामाचे साधन असेल, तर ते असेच द्यावे. परंतु टंक व कळफलक यांनी साऱ्या यंत्राची व्यवस्था बदलते. तेथे इन्स्टॉलर हवाच. मात्र जे बसविले ते तितक्याच प्रामाणिकपणे काढून नेण्याची सोयही त्यात हवी.

2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून या लिपींची सोय विंडोजमध्ये आरंभापासूनच असू लागली. लिपीच्या बाबतीत या वादाचा खरा निकाल तोच होय. जी गोष्ट सर्वांच्या नित्य उपयोगाची, ती बसवून घेण्याचा भार एकेका नागरिकावर न टाकता यंत्रासोबतच दिली जावी.